जावा: जन्मतारीख एक दिवस मागे जाते, पण फक्त म्हाताऱ्यांची!

संत्रा_बर्फी:
भाऊ लोक, दोन दिवसापासून डोकं खाजवून राहिलो. मिहानमधल्या आमच्या ऑफिसात घरचीच एक वेब लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे, जावा प्रोग्रॅमिंग भाषेतली, जेसनमधली (डेटा पाठवायचा मजकुरी फॉरमॅट) तारीख घेते, डेटाबेसमधे मिलीसेकंदात टाकते आणि वाचताना परत तारीख करून देते. पेन्शनच्या फॉर्मवर एका आजोबांची १२ ऑगस्ट १९४४ टाकली की परत ११ येते, लॉगमधे तर ११ चे रात्रीचे २३:०० दिसतात. साडेपाच तासाचा घोळ असता तर भारतीय वेळ आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) यांच्यातला फरक म्हणून समजलं असतं ना बा, हा एकच तास कुठून आला? माझी १९९३ ची एकदम बरोबर. युनिट टेस्ट (कोडची आपोआप होणारी तपासणी) सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. काहून?

तर्री_जास्त:
सर्व्हर यूटीसीवर असेल, टेस्ट पण जेव्हीएमचा (जावा चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) टाइमझोन यूटीसी करून चालव. आणि सिम्पलडेटफॉरमॅट (जावातला तारीख वाचणारा-लिहिणारा क्लास) स्टॅटिक, म्हणजे सगळ्यांत एकच, ठेवला असेल तर काढ, तो थ्रेडसेफ नाही, एकाच वेळी अनेक ठिकाणून वापरला तर गडबडतो.

संत्रा_बर्फी:
यूटीसीवर पण तेच २३:००. स्टॅटिक काही नाही.

जुना_जावावाला:
एक तास वाचला आणि कळलंच 😄 महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, आपल्याकडची घड्याळं तासभर पुढे होती, म्हणजे यूटीसी+६:३०. जावाच्या 'एशिया/कोलकाता' झोनला हे माहीत असते. तुमच्याकडे लिहिताना हा झोन वापरला आणि वाचताना कोणीतरी हाताने १९८००००० मिलीसेकंद, म्हणजे साडेपाच तास, मिळवले असतील, शोध. १२ ची मध्यरात्र म्हणजे यूटीसीत ११ चे १७:३०, त्यात साडेपाच तास टाकले की २३:०० च येणार. टेस्टमधे सगळ्या तारखा नव्या असतील तर पकडणार कोण? १९४४ ची एक टाक, आधी ती लाल होऊ दे मग दुरुस्त कर. आणि जन्मतारखेला वेळ कशाला पाहिजे बे, लोकलडेट (वेळेशिवाय नुसती तारीख) वापरा, जावा ८ पासून आहे.

संत्रा_बर्फी:
सापडलं! १९८०००००, वरून कॉमेंट "आयएसटी, बदलू नये" 🤦 १९४४ ची टेस्ट आधी लाल झाली, मग तिथे झोन टाकला, आता हिरवी. कॉलम लोकलडेटचा करायला पुढच्या रिलीजमधे घेतो.

तर्री_जास्त:
थांब, जुना डेटा? फॉर्म उघडून कोणी परत सेव्ह केला असेल तर ११ च पक्की झाली असेल ना?

संत्रा_बर्फी:
आत्ताच पाहिलं. एका आजींचा फॉर्म तीनदा सेव्ह झालाय, आजी तीन दिवसांनी मोठ्या झाल्या. सोमवारी सगळे कागद काढून बसतो आता.