मदत हवी आहे: मेसमध्ये चिकनऐवजी पनीर केलं तर कार्बन खरंच कमी होतो का?

नदीकाठ: उद्या संध्याकाळी होस्टेलच्या मेस कमिटीची मीटिंग आहे, म्हणून घाईत विचारतेय. आमच्या पर्यावरण गटाने बुधवारचं चिकन बंद करून पनीर ठेवा असं सुचवलंय. कमिटीवाले म्हणतात आकडे दाखवा. नेटवर जिथे तिथे बीफ विरुद्ध डाळ, आणि आमच्याकडे बीफ नसतंच. मला फक्त चिकन-पनीरचा आकडा हवाय. कृपया लवकर.

देशावरचा: मुलं किती? ताटात पनीर किती ग्रॅम, चिकन किती? हे न सांगता आकडा कसा देणार?

तुळसवृंदावन: आकडे कशाला हवेत? शाकाहार निसर्गाला हलका, हे उघड आहे. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कोणी मांस खाल्लं नाही. ठाम राहा.

देशावरचा: ताई, डाळ-भाताबद्दल म्हणाल तर मान्य. पण पनीर दुधाचं असतं. गाय-म्हैस रवंथ करते, त्यातून मिथेन हा हवा तापवणारा वायू निघतो. कोंबडी रवंथ करत नाही. कोण शाकाहारी यावर हे ठरत नाही.

नदीकाठ: पनीर माणशी १०० ग्रॅम, चिकन १५० धरा. मुलं तीनशेच्या आसपास.

त्रैराशिक: पूअर आणि नेमेचेक यांचा २०१८ चा ‘सायन्स’मधला अभ्यास घ्या, ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांवरचा. किलोमागे उत्सर्जनाची जागतिक सरासरी (मिथेन वगैरे सगळे वायू कार्बन डायऑक्साइडच्या किलोंत मोजून): चिकन १० किलो, दूध ३, तांदूळ ४.५, वाटाणा १. एक किलो पनीरला पाच-सहा लिटर दूध लागतं. म्हणजे १०० ग्रॅम पनीरचे दीड ते पावणेदोन किलो, आणि १५० ग्रॅम चिकनचे दीड किलो. जवळजवळ बरोबरी. या आकड्यांवर प्रस्ताव टिकणार नाही.

नदीकाठ: अहो, पण आम्ही लेखी देऊन बसलोय! आता काय सांगू?

सागरवेळ: बांगडा ठेवा. त्याला चारा नाही, खुराक नाही, खर्च होडीच्या डिझेलचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा सुकट.

देशावरचा: पुण्यातल्या होस्टेलात सुकट? वास आला की वॉर्डन धावत येतील. आणि तिने मासे विचारलेच नाहीत.

चुलीवरची: मटकीची उसळ करा गं. रात्री भिजत घाल, सकाळी फडक्यात घट्ट बांध, दुसऱ्या दिवशी बोटभर मोड येतात. फोडणीत कढीपत्ता आणि थोडा गूळ. कुकर वापरा, गॅस वाचतो. १४.२ किलोचा सिलिंडर जळला की चाळीस-बेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेही धरा.

त्रैराशिक: उसळीला +१. कडधान्य ताटाला साठ ग्रॅम धरलं तर जेमतेम १०० ग्रॅम उत्सर्जन. शेजारच्या भाताचं त्याहून जास्त, कारण भातखाचरात पाणी साचून राहिलं की मिथेन तयार होतो.

माळरान: अवांतर, पण बोलायलाच हवं. पाण्याचं काय? दुष्काळी तालुक्यात ऊस उभा आहे आणि चर्चा कोंबडीची. मेसमधली साखर मोजा आधी.

त्रैराशिक: पाण्यासाठी वेगळा धागा काढा, जरूर लिहीन. इथे कार्बन.

नदीकाठ: उसळ केली की मुलं बाहेर जाऊन बिर्याणी खातात. पनीर पूर्ण काढता येणार नाही.

चुलीवरची: मग मटार-पनीर. निम्मं पनीर, बाकी मटार. कोणी कुरकुर करणार नाही.

त्रैराशिक: हे पटलं. माणशी उत्सर्जन एक किलोच्या आत येईल.

नदीकाठ: चालेल. रविवारच्या मटणाला आम्ही हात लावत नाहीये, तो प्रश्न वेगळा.

त्रैराशिक: रविवारी मटण असतं? हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! याच अभ्यासात मेंढीच्या मटणाला किलोमागे ४० आहेत. १५० ग्रॅमचे सहा किलो, म्हणजे बुधवारच्या चौपट. बोकडही रवंथ करणाराच. बुधवार सोडा, रविवारी मटणाऐवजी चिकन करा. माणशी साडेचार किलो वाचतात, तीनशे मुलांचे साडेतेराशे, एका जेवणात.

माळरान: असहमत. हे आकडे जगाच्या सरासरीचे. उस्मानाबादी शेळी माळावरचा पाला खाऊन वाढते. जिथे डाळ पिकत नाही तिथे ती घर चालवते. मटण बंद करायला सांगताना धनगराचा विचार करा.

त्रैराशिक: चराई वेगळी हे मान्य, पण पाला खाल्ला तरी मिथेन निघतोच. बंद करा म्हणत नाही, महिन्यातून एकदा ठेवा.

नदीकाठ: प्रस्ताव बदलतेय: मटण महिन्यातून एकदा, एरवी रविवारी चिकन, बुधवारी मटार-पनीर. मेसवाल्या काकांकडून मटणाच्या किलोंचा हिशेब मागवलाय, आला की इथे टाकते.

देशावरचा: ताटात किती उरतं तेही विचारा. आणि ते मटण हाडांसकट तोलतात का, नाहीतर १५० चा हिशेब चुकेल.