विद्यार्थ्यांच्या शोध व बचाव पथकातील पदे कशी विभागावीत?

मसाईची वाट:
नमस्कार. कोल्हापुरातील एका महाविद्यालयात आम्हा विद्यार्थ्यांचे शोध व बचाव पथक आहे आणि यंदा मी त्याची सचिव आहे. पथकात २८ सदस्य असून सर्व जण विनामोबदला काम करतात. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, साहित्यप्रमुख आणि प्रशिक्षणप्रमुख अशी ५ पदे आहेत व त्यांची निवड दरवर्षी जूनमध्ये, नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यावर होते.

गेल्या जुलैत पन्हाळा ते पावनखिंड या मार्गावर, मसाई पठारावरच्या धुक्यात एक तरुण वाट चुकल्याचा निरोप आम्हाला मिळाला. साहित्याच्या खोलीची एकमेव किल्ली साहित्यप्रमुखाकडे होती आणि तो त्या वेळी परीक्षेला बसला होता. अध्यक्ष आणि प्रशिक्षणप्रमुख हे दोघेही एकमेकांना न कळवता सदस्यांना फोन करत राहिल्यामुळे, कोण निघाले आहे आणि कोण घरीच आहे याची यादी तासभर कोणाकडेच नव्हती. तो तरुण जवळच्या वाडीतील लोकांना सुखरूप सापडला, परंतु आमच्या हातून काहीच झाले नाही ही गोष्ट मला अजून बोचते. पदे वाढवावीत का, मोहिमेचे नेतृत्व अध्यक्षानेच करावे का आणि परीक्षांच्या काळात जबाबदारी कोणी घ्यावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पंचगंगाकाठ:
ताई, तुमच्या अडचणीचे मूळ पदांच्या संख्येत नाही. वर्षभर पथक चालवणे आणि घटनेच्या दिवशी मोहीम चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि तुमच्याकडे ती एकाच पदावर येऊन पडली आहेत. अध्यक्ष प्राचार्यांशी बोलतो, बैठका घेतो, निधीची व्यवस्था पाहतो. मोहीमप्रमुख मात्र त्या दिवशी उपलब्ध असलेला आणि त्या कामात सर्वांत तयार असलेला सदस्य असावा, मग तो दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी का असेना. एकदा त्याचे नाव जाहीर झाले की अध्यक्षानेही त्याच्याच सूचनेने काम करावे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांचा पायाही हाच आहे. एका प्रमुखाच्या हाताखाली साधारण ५ जण असावेत हा त्यातला दंडक २८ जणांच्या पथकाला फार उपयोगी पडतो, कारण त्यामुळे गट आपोआप पडतात आणि प्रत्येक गटाची हजेरी एकाच माणसाकडे राहते.

याच प्रणालीतील सुरक्षा अधिकारी हे पद तुम्ही अवश्य निर्माण करा. धोका दिसला की काम तिथेच थांबवण्याचा अधिकार त्याला असतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शेजारच्या सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. पाणी चढत असताना, काठावर माणसे हाका मारत असताना ‘आता आणखी कोणी बसायचे नाही’ हे सांगणे अतिशय कठीण असते, आणि म्हणूनच ते सांगण्याचे काम आधीपासून कोणाकडे तरी नेमून दिलेले असले पाहिजे.

राहिली गोष्ट निवडीच्या महिन्याची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि ही पातळी गाठण्याचे दिवस सहसा जुलै-ऑगस्टमध्येच येतात. जूनमध्ये पदभार घेणाऱ्याला खोलीतल्या वस्तू कुठे आहेत हे समजेपर्यंत नदी पात्राबाहेर आलेली असते. निवड दिवाळीनंतर करा. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी मे महिन्यात बाहेर पडतात, त्यामुळे त्यांना प्रमुखपद न देता नव्या प्रमुखांचे सल्लागार नेमा, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या हाताखाली शिकता येईल.

दोर आणि गाठ:
मी ३ वर्षे साहित्यप्रमुख होतो, म्हणून केवळ त्या पदाविषयी लिहितो. किल्ल्या ३ करा आणि त्यांपैकी एक महाविद्यालयाच्या पहारेकऱ्याकडे नोंदवहीत सही घेऊन ठेवा. प्रत्येक दोराची स्वतंत्र वही हवी, जिच्यात खरेदीची तारीख, प्रत्येक वापर आणि दोरावर पडलेला प्रत्येक जोराचा हिसका नोंदलेला असेल. वापर कमी झाला असला तरी नायलॉनच्या साहित्याला वयोमर्यादा असते आणि बहुतेक उत्पादक ती जास्तीत जास्त १० वर्षे सांगतात. पुराच्या गाळात वापरलेला दोर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा, गच्चीवरच्या उन्हात नव्हे. बॅटऱ्या आणि दोर एकाच कपाटात कधीही ठेवू नका, कारण आम्लाच्या संपर्काने नायलॉन आतून कमजोर होते आणि ते वरून दिसतही नाही. दोर बाद ठरवण्याचा अंतिम अधिकार साहित्यप्रमुखाकडेच असावा. नवा दोर घ्यायला पैसे आहेत की नाहीत, हा खजिनदाराचा प्रश्न त्यानंतरचा आहे.

शिरोळचे शिक्षक:
मी एका पथकाचा मार्गदर्शक शिक्षक आहे. तुमच्या पदांच्या यादीत संपर्कप्रमुख दिसत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात, त्यामुळे विद्यार्थ्यांनी परस्पर निघू नये. १०७७ या क्रमांकावर जिल्हा नियंत्रण कक्षाला आपली संख्या आणि साहित्य कळवून, काम सोपवले गेल्यावरच निघावे. हा संपर्क एकाच सदस्याने ठेवावा आणि पालकांनाही त्यानेच माहिती द्यावी. प्रत्येक पदाला उपप्रमुख नेमताना दोघे वेगवेगळ्या शाखांचे असावेत, म्हणजे त्यांच्या परीक्षा एकाच दिवशी येण्याची शक्यता कमी होते.

मसाईची वाट:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. किल्ल्यांची व्यवस्था आजच करते. सुरक्षा अधिकारी, संपर्कप्रमुख आणि वेगळ्या शाखेतील उपप्रमुख यांचा प्रस्ताव येत्या बैठकीत मांडेन आणि निवड दिवाळीनंतर घेण्याविषयी प्राचार्यांना पत्र देईन. सरांना एक विचारायचे आहे: सुरक्षा अधिकाऱ्याने काम थांबवले आणि मोहीमप्रमुखाला ते मान्य नसले, तर जागेवर निर्णय कोणाचा?

शिरोळचे शिक्षक:
सुरक्षा अधिकाऱ्याचाच. मोहीमप्रमुखाने आपला आक्षेप नोंदवून ठेवावा आणि त्यावरची चर्चा सर्व जण काठावर परत आल्यानंतर करावी.