विकिपीडियावर हसायलाही परवानगी लागणार का?

खोडरबर: "ज्ञानकोश हे गंभीर काम आहे, विनोद चर्चापानावरही नको," असं काल इथं एकानं ठणकावलं. लेखात विनोद नको, यावर वाद कुणाचाच नाही. पण चर्चापानावर, म्हणजे लेखामागं संपादक बोलतात त्या पानावर, फुकट राबणाऱ्यांनी एकमेकांची फिरकीही घ्यायची नाही? इंग्रजी विकिपीडियावर टॉयलेट पेपरचं टोक भिंतीकडे असावं की बाहेर, यावर संदर्भांनी लगडलेला लांबलचक लेख आहे. सूर इतका गंभीर, की हसू आवरत नाही. १ एप्रिलला तिथल्या मुखपृष्ठावर खरीच माहिती चकवणाऱ्या शब्दांत देतात. कोश बुडाला का?

समास: सायगेंथालर प्रकरण आठवा. २००५ साली त्या पत्रकाराच्या चरित्रात कुणीतरी केनेडींच्या खुनाचा संशय घुसडला. कशासाठी, तर सहकाऱ्याची गंमत! चार महिने तसंच होतं.

खोडरबर: ते लेखात. मी चर्चापानाबद्दल बोलतोय. वाचून उत्तर द्या.

रेघोट्या: तपासणाऱ्यांचं बोला आधी! 'बिचोलिम (गोव्यातलं डिचोली) संघर्ष' नावाचं अख्खं बनावट युद्ध २००७ ते २०१२ इंग्रजीत नांदलं, वर 'चांगला लेख' हा दर्जा. म्हणे १६४०-४१मध्ये पोर्तुगीज विरुद्ध मराठा साम्राज्य. अहो, शहाजीराजे तेव्हा आदिलशाहीच्या चाकरीत! आणि मी घातलेला खरा मजकूर तासाभरात काढून टाकला.

समास: संदर्भ काय दिला होतात?

रेघोट्या: काकांची पुस्तिका. छापील आहे!

समास: प्रकाशक?

रेघोट्या: काकाच. म्हणून खोटी ठरते?

समास: खोटी नाही, पण स्वतःच छापलेली. नियम वाचा.

रेघोट्या: नियम तुमच्यासारख्यांनीच केलेत. काकांनी गावोगाव फिरून माहिती गोळा केली, तुम्ही खुर्चीतून पुसता.

खोडरबर: काकांसाठी वेगळा धागा काढा की!

पानकळा: मी नवखी असताना माझ्या पहिल्याच लेखाच्या चर्चापानावर एका जुन्या सदस्यानं कोटी केली. मग त्यावर सगळ्यांच्या कोट्या. लेखात काय चुकलं ते कुणीच सांगितलं नाही. नंतर वर्षभर फिरकले नाही. फिरकी ओळखीच्यात असते, खोडरबर. अनोळखी माणसाला ती टवाळीच वाटते. समोर चेहराही नसतो.

खोडरबर: बरं बाई, नवख्यांवर नको. जुन्यांवर तरी करू द्याल?

समास: करा की. १ एप्रिलला, रीतसर अर्ज देऊन. आणि काकांचा संदर्भ चालणार नाही.