तातडीचं: सांगलीत फ्लॅट, गावभाग की विश्रामबाग?

मंडळी,
शुक्रवारी टोकन द्यायचंय म्हणून इथे टाकतोय. पहिलाच फ्लॅट, राहायला नाही, भाड्याने द्यायला. मी इकडे परदेशात, म्हणून मेव्हणा दोन बघून आलाय. एक मारुती चौकाच्या मागे, दुसरा मजला, टू बीएचके. दुसरा विश्रामबागला, वालचंद कॉलेजच्या बाजूला. तेवढाच, पण सात लाख जास्त आणि भाडं जेमतेम हजाराने जास्त. गणित सरळ गावभागाकडे झुकतंय. 2019 चा पूर विसरलेलो नाही, म्हणूनच तर दुसरा मजला बघितला. कुणाला खोडायचं असेल तर आत्ताच खोडा.
– प्रसाद

---

प्रसाद,
दुसऱ्या मजल्यावर पाणी घरात येत नाही, एवढंच. 2019 ला आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. माझे सासरे हरभट रोडजवळ तिसऱ्या मजल्यावर होते. घर ठणठणीत कोरडं. पण लाइट नाही, वरच्या टाकीतलं पाणी दोन दिवसांत संपलं, शेवटी बोटीतून उतरवलं. गोळ्यांची पिशवी टेबलावर राहिली आणि हातात काय, तर चष्म्याची रिकामी डबी. ते स्वतःच्या घरात परत आले. भाडेकरू कशाला येईल? 2021 ला पुन्हा तेच. ते रिकामे महिने तुझ्या गणितात धर आणि मग बोल. पूररेषेचा नकाशाही मेव्हण्याला बघायला सांग. निळी रेषा 25 वर्षांतल्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या.
– सुनीता

---

सुनीतावहिनी, गावभाग म्हणजे काय बुडीत खातं नव्हे. आमच्या दुकानात 2005 लाही पाणी होतं. माल माळ्यावर टाकला, पाणी ओसरल्यावर चिखल काढला, गणपतीला दुकान चालू. आमच्या लहानपणी विलिंग्डन कॉलेजच्या पुढे रात्री एकट्याने जायची टाप नव्हती कुणाची, आणि आता विश्रामबागवाले आम्हाला शिकवणार!
– बापूकाका

---

काका, दुकान तुमचं होतं. इथे प्रश्न भाडेकरूचा आहे.
– सुनीता

---

सांगली सांगली काय लावलंय? भाड्यानेच द्यायचाय ना, मग मिरजेत घे. मेडिकल कॉलेज आहे, एवढी हॉस्पिटलं आहेत. रेसिडेंट डॉक्टर, नर्स, महिन्यावर राहणारे पेशंटचे नातेवाईक. माझा फ्लॅट आठ वर्षांत एकदाच रिकामा राहिला, तोही बाथरूमच्या भिंतीला ओल आली म्हणून. फक्त घेण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीला स्वतः जाऊन विचार, बॅचलर चालतात का. मी विचारलं नव्हतं. पहिले सहा महिने जिन्यातल्या चपलांवरून रोज एक मेसेज. आणि अकरा महिन्यांचा करार असला तरी रजिस्टर करायचाच. ‘साध्या स्टँपवर करून देतो’ म्हणणारा एजंट मलाही भेटला होता.
– इरफान

---

मिरजेचं कौतुक दर वर्षी ऐकतो आपण 🙂
प्रसाद, टीडीएसचा, म्हणजे भाड्यातून आधीच कापायच्या कराचा, विचार केलास का? मालक एनआरआय असला की भाडेकरूने भाड्यातून 30 टक्के आणि वर सेस, म्हणजे 31.2 टक्के कापून भरायचे असतात. त्यासाठी त्याला टॅन, म्हणजे कर कापून भरणाऱ्याचा नंबर, काढावा लागतो. इरफानभाई, तुमच्या नर्सबाई काढतात का टॅन?
– माधुरी

---

माधुरी, तो नियम महिना 50,000 च्या वरच्या भाड्याला आहे. सांगलीत एवढं भाडं कुणाला मिळतं?
– प्रसाद

---

ते मालक भारतात राहत असेल तर. एनआरआय मालकाला ती मर्यादाच नाही, 8,000 भाडं असलं तरी कापायचं. रिटर्न भरलास की जास्तीचं परत मिळतं. कमी दराने कापायचं सर्टिफिकेटही आधी काढता येतं. पण हे सगळं त्या भाडेकरूला कोण समजावणार? हल्ली कंपनीला गेस्टहाऊस म्हणून देणारे याच कारणाने देतात, त्यांच्याकडे टॅन असतो. कुपवाड एमआयडीसीतल्या कंपन्यांकडे चौकशी कर. त्यांना विश्रामबाग बरं पडेल.
– माधुरी

---

आईच्या नावावर घे की. आईला पैसे गिफ्ट दिले तर कर नाही, भाडं तिचं, टीडीएसची कटकट नाही.
– बापूकाका

---

काका, प्रसादला दोन भाऊ आहेत. आणखी लिहीत नाही.
– सुनीता

---

सर्वांना विनंती, ही लिस्ट मंडळाच्या कामासाठी आहे. गुंठेवारी प्लॉटच्या धाग्यानंतर काय झालं ते आठवत असेलच. कोजागरीच्या मसाला दुधाची वर्गणी अजून अकरा जणांची बाकी आहे. त्यांत या धाग्यावरचे तिघे आहेत.
– सेक्रेटरी

---

मी भरली आहे. यादी अपडेट करा.
– इरफान

---

मंडळी,
मेव्हण्याला काल परत पाठवलं. या वेळी फ्लॅट नाही, जिना बघायला सांगितलं. त्याने फोटो पाठवलाय. तळमजल्यावर मीटरबोर्ड नाहीच. पहिल्या मजल्याच्या वळणावर बारा नवे मीटर ओळीने. खाली भिंतीवर जुन्या बोर्डाची चौकट तेवढी उरलीय, खिळ्यांच्या भोकांसकट, आणि तिच्याही वरून पिवळट रेघ गेलीय. त्यावर रंग मारलाय, पण ती दिसतेच. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, ‘ती 21 ची. 19 ची रंगाच्या वर गेली.’
टोकन थांबवलंय. विश्रामबागवाला दोन लाख उतरेल असं वाटतंय. इरफानभाई, मिरजेतल्या सेक्रेटरीचा नंबर वेगळा पाठवा. वर्गणी आज भरतो.
– प्रसाद

---

रंग कुठल्या कंपनीचा होता? आमच्या दुकानात तर तीन हात मारूनही रेघ वर येते.
– बापूकाका