आईच्या अॅड्रिनलवर गाठ निघाली, लगेच ऑपरेशन करावं का?

कृष्णाकाठ:
आई ५८ वर्षांची. मुतखड्याच्या संशयावरून सीटी काढला. खडा नाहीच, पण उजव्या मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीवर ३.४ सेंमीची गाठ दिसली. रिपोर्टात ‘२८ एचयू’ लिहिलंय. बीपीच्या दोन गोळ्या घेऊनही वर-खाली होतं, मधूनच दरदरून घाम येतो. ती म्हणते, पाळी गेल्यापासूनचंच आहे. सर्जन म्हणाले, पुढच्या आठवड्यात दुर्बिणीतून काढू. बाबांचं मत, आधी सुईने तुकडा तपासावा. रक्ताच्या तपासण्या नेहमीच्याच झाल्यात.

भूलवाले काका:
आयुष्यभर भूल देत आलोय, त्यामुळे टेबलाच्या डोक्याकडून बोलतो. बाबांना आधी आवरा, सुई अजिबात नको. अॅड्रिनॅलिनसारखी द्रव्यं सोडणारी गाठ असते, फिओक्रोमोसायटोमा. तिला सुई टोचली किंवा ऑपरेशनमध्ये नुसता हात लागला, तरी बीपी २५० पार गेलेलं पाहिलंय. तिची शीर बांधली की तेच बीपी धाडकन खाली येतं.

एचयू म्हणजे सीटीवर गाठ किती घट्ट दिसते त्याचा आकडा. तो १० किंवा कमी आणि गाठ एकसारखी असेल, तर ती चरबीवाली, निरुपद्रवी धरतात. २८ त्यात बसत नाही. त्यात बीपी आणि घाम! मेटानेफ्रिन (त्याच अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांपासून बनणारं, रक्तात मोजता येतं) तपासल्याशिवाय मी तरी हिला भूल देणार नाही. ते वाढलेलं निघालं, तर आधी एक-दोन आठवडे प्राझोसिनसारखी अल्फा ब्लॉकर, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, आणि भरपूर मीठ-पाणी. (बीपीच्या पेशंटला मीठ खा म्हटलं की घरचे माझ्याकडे बघतच राहतात.) हृदयाचे ठोके आवरणारी बीटा ब्लॉकर लागलीच तर त्यानंतर. क्रम उलटला की बीपी उसळतं.

कॉर्टिसॉलही बघा, ते शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड. रात्री ११ ला डेक्सामेथासोनची १ मिग्रॅ गोळी, सकाळी ८ ला रक्त. कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम/डेसिलिटरच्या वर राहिलं, तर गाठ गुपचूप स्टिरॉइड बनवत असू शकते. अशी गाठ काढल्यावर दुसरी ग्रंथी सुस्तावलेली असते, काही काळ बाहेरून स्टिरॉइड, म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन, द्यावं लागतं.

सगळं नॉर्मल आलं तरी २० एचयूच्या वरची गाठ कुणी वाऱ्यावर सोडत नाही. पुढचे स्कॅन होतात, नाहीतर ऑपरेशनच. म्हणजे सर्जनचं म्हणणं शेवटी बरोबरही ठरेल, पण पुढच्या आठवड्यात नाही.

मिरजकर_ताई:
रेनिन-अल्डोस्टेरॉन (बीपी आणि पोटॅशियमवर परिणाम करणारी द्रव्यं) पण तपासून घ्या. माझं पोटॅशियम कायम कमी, पायात गोळे. गाठ जेमतेम दीड सेंमीची, पण काढल्यावर बीपीच्या तीन गोळ्यांची एक झाली. दुर्बिणीतून काढली, लवकर घरी आले.

कृष्णाकाठ:
काका, आईच्या गोळ्यांत एक मेटोप्रोलॉल आहे!

भूलवाले काका:
ती बीटा ब्लॉकरच. पण घरच्या घरी बंद करू नका, एकदम थांबवणंही धोक्याचं. आजच एंडोक्रायनॉलॉजिस्टना (हॉर्मोनच्या डॉक्टरांना) फोन करून हे आणि २८ चा आकडा, दोन्ही सांगा. मेटानेफ्रिनचं रक्त देण्याआधी अर्धा तास आईला आडवं पडू देतील अशी लॅब बघा. नैराश्याची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर तीही सांगा, काहींमुळे आकडा फुगतो.