लागेबांधे, साटेलोटे, संगनमत की संधान?

इराक युद्धावरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय आणि एका शब्दापाशी गाडी अडली आहे. सद्दाम हुसेनचं सरकार आणि अल कायदा यांच्यात जे काही होतं (किंवा नव्हतं), त्याला काय म्हणावं? पहिल्या खर्ड्यात सगळीकडे 'लागेबांधे' लिहिलं, तर लेख आपोआप, असे संबंध आहेत असं सांगणाऱ्या तेव्हाच्या अमेरिकी अध्यक्षांच्या, म्हणजे बुशसाहेबांच्या बाजूचा झाला. मग सगळीकडे 'संबंध' केलं, तर वाक्यातला जीवच गेला. जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद : 'लागेबांधे' नकोच. हा शब्द आला की वाचक धरूनच चालतो, की काहीतरी जुनं, मुरलेलं आणि दोघांच्या सोयीचं आहे. एखाद्या भेटीला कोणी लागेबांधे म्हणत नाही. 'साटेलोटे' तर त्याहून जड. एका घरची मुलगी त्या घरात आणि त्या घरची या घरात, असा मूळ व्यवहार. म्हणजे कोणी काय दिलं आणि बदल्यात काय घेतलं, दोन्ही दाखवावं लागेल. इराकने अल कायदाला रासायनिक आणि जैविक अस्त्रांचं प्रशिक्षण 'दिलं', हा दावा मुख्यतः इब्न अल-शेख अल-लीबी या कैद्याच्या जबानीवर उभा होता. ती इजिप्तच्या कोठडीत घेतलेली, आणि 2004 मध्ये त्याने ती फिरवली. देणंच असं डळमळीत, तर घेण्याचं विचारूच नका.

प्रतिसाद : 'संगनमत' या शब्दाला कृत्य लागतं. पोलिसांच्या फिर्यादीत 'आरोपींनी संगनमत करून' यानंतर काय केलं ते येतंच. नुसतं संगनमत करून कोणी घरी जात नाही. 11 सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने 2004 मध्ये नाकारलं ते नेमकं हेच: मिळून एखादी कारवाई करण्याइतकं सहकार्य दिसत नाही. हल्लेखोर मोहम्मद अता एप्रिल 2001 मध्ये प्रागला इराकी हेराला भेटल्याची गोष्टही आयोगाला पटली नाही. भेटीगाठी मुळीच झाल्या नाहीत, असं मात्र आयोग म्हणत नाही. म्हणून जून 2004 मध्ये बुश छातीठोकपणे म्हणू शकले की संबंध होताच. आयोग एका शब्दाविषयी बोलत होता, अध्यक्ष दुसऱ्याच. 'हात असणे' हा आणखी वेगळा आरोप: हल्ल्यात सद्दामचा हात असल्याचा पुरावा नाही, हे सप्टेंबर 2003 मध्ये बुशनीच सांगितलं होतं.

प्रतिसाद : मग 'संधान बांधणे' घ्या की! त्यात पुढाकार एकाचा असतो आणि जमलंच असं नाही. 1994च्या अखेरीस किंवा 1995च्या सुरुवातीला सुदानमधल्या खार्टूममध्ये अल कायदाचा म्होरक्या बिन लादेन इराकी गुप्तचर अधिकाऱ्याला भेटला, प्रशिक्षण तळांसाठी जागा आणि शस्त्रं मिळवायला मदत मागितली म्हणतात. इराकने प्रतिसाद दिल्याचा पुरावा आयोगाला मिळाला नाही. 'लादेनने इराकशी संधान बांधण्याचा प्रयत्न केला.' झालं वाक्य! त्यातला 'म्हणतात' मात्र गाळू नका. आयोगानेही तो ठेवला आहे.

प्रतिसाद : शब्द नेमका करता करता सद्दामला धुऊन काढू नका, एवढीच विनंती. पॅलेस्टिनी दहशतवादी अबू निदाल बगदादमध्ये राहत होता, 2002 मध्ये तिथेच मेला. पॅलेस्टिनी आत्मघातकी हल्लेखोरांच्या कुटुंबांना सद्दामकडून 25,000 डॉलर दिले जात, ते उघड होतं. इथे 'आश्रय' आणि 'पाठबळ' हे शब्द बिनधास्त वापरा. 'दहशतवाद्यांशी संबंध' खरंच आहे, वाद 'अल कायदाशी' या शब्दाचा आहे. या दोन वाक्यांची अदलाबदल करूनच निम्मं राजकारण झालं.

आणि प्रत्ययांकडे बघा. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी 5 फेब्रुवारी 2003 रोजी सुरक्षा परिषदेत अन्सार अल-इस्लाम या अतिरेकी संघटनेचा इराकमधला तळ दाखवला. तो ईशान्येला, सद्दामचा अंमल नसलेल्या कुर्दी भागात होता. हे त्यांनी स्वतःही सांगितलं, वर त्या संघटनेत बगदादचा माणूस असल्याचंही जोडलं. आता 'इराकमधला तळ' आणि 'इराकचा तळ' म्हणून बघा. एका 'चा'ने मालकी बदलते.

प्रतिसाद : माझी तक्रार 'कथित'बद्दल. 'कथित संबंध असल्याचा आरोप' लिहितात. आरोप म्हटल्यावर कथित कशाला? आणि 'कथित दहशतवादी संबंध' यात कथित काय, दहशतवाद की संबंध? त्यापेक्षा क्रियापद सांभाळा. 'संबंध असल्याचा दावा केला' ठीक. 'असल्याचे निदर्शनास आणले' लिहिलंत की भाषांतरकारानेच निकाल दिला. उलट बाजूलाही तेच: 'पुरावा मिळाला नाही' म्हणजे 'खोटं ठरलं' नव्हे. अल-लीबीची जबानी त्याने स्वतः फिरवली, प्रागच्या भेटीचा पुरावा सापडला नाही. दोन्हींना एकच क्रियापद चालणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता : आभार. खार्टूमला 'संधान', आयोगाच्या वाक्यात 'सहकार्य', अबू निदालला 'आश्रय', आणि 'लागेबांधे' फक्त पॉवेल यांच्या तोंडी, कारण त्यांनी 'नेक्सस' म्हटलं होतं, तेही अशुभ, कपटी अशा विशेषणासकट. आरोप त्यांचा, जड शब्दही त्यांचाच राहू दे.

एक उपप्रश्न. 'अल कायदाशी' की 'अल कायद्याशी'? विशेषनाम म्हणून मी सामान्यरूप टाळलंय, पण आपला 'कायदा' आणि हा 'कायदा' मुळात एकाच अरबी शब्दाचे. तिकडे अर्थ पाया, तळ असाही आहे.

प्रतिसाद : टाळलंत तेच बरं. 'कायद्याशी संबंध नाही' असं वाक्य छापून आलं, तर ते दोन्ही अर्थांनी वाचलं जाईल.