बोटो३ मधून वॅफचे रूल ग्रुप काढताना अर्धेच हाती लागतात

कोरीपाटी:
वॅफ-व्ही२ (एडब्ल्यूएसची वेब फायरवॉल) मधले सगळे रूल ग्रुप (नियमांचे संच) आतल्या नियमांसकट बोटो३ (एडब्ल्यूएसची पायथन लायब्ररी) वापरून जेसॉन फायलीत उतरवायचे आहेत. क्लायंट (कोडमधला कॉल करणारा ऑब्जेक्ट) 'यूएस-वेस्ट-२' रीजनचा आहे. तीन ठिकाणी अडलंय:
१. लिस्ट_रूल_ग्रुप्स ला स्कोप 'क्लाउडफ्रंट' (एडब्ल्यूएसचं जगभर पसरलेलं कंटेंट नेटवर्क) दिला की स्कोप चुकीचा म्हणून इनव्हॅलिड पॅरामीटरची एरर येते. 'रीजनल' दिला की चालतं.
२. वेब एसीएलला (साइटला लागणाऱ्या नियमांच्या मुख्य यादीला) एडब्ल्यूएसचा कॉमन रूल सेट लावलेला आहे, पण तो यादीत नाही.
३. जे ग्रुप मिळाले, त्यातल्या काहींवर जेसॉन.डम्प्स आपटतं: बाइट्स प्रकार चालत नाही म्हणतं.

पहारेकरी:
पहिल्याचं कारण रीजन. क्लाउडफ्रंट स्कोपचं सगळं 'यूएस-ईस्ट-१' मध्येच राहतं, तुमचे बाकीचे सर्व्हर कुठेही असोत. म्हणजे क्लायंट दोन लागतात: एक यूएस-ईस्ट-१ चा, क्लाउडफ्रंटसाठी, आणि दुसरा तुमच्या रीजनचा, रीजनलसाठी. रीजन अनेक असतील तर रीजनल कॉल प्रत्येकात स्वतंत्र करावा लागतो. सगळीकडचं एकदम देणारा कॉल नाही.

यादीच्या कॉलमधून नियम मिळत नाहीत. नाव, आयडी, वर्णन, लॉक टोकन (अपडेटसाठी लागणारी आवृत्तीची खूण) आणि एआरएन (एडब्ल्यूएसमधलं पूर्ण ओळखनाव) एवढंच येतं. नियमांसाठी प्रत्येकावर गेट_रूल_ग्रुप मारायचं. त्याला नाव, स्कोप आणि आयडी हे तिन्ही द्या, नाहीतर नुसता एआरएन द्या. आयडी विसरून फक्त नाव दिलं तर चालत नाही.

आणि हो, बोटो३ मध्ये यादीच्या कॉलला पेजिनेटर (पुढची पानं आपोआप आणणारी सोय) नाही. लिमिट जास्तीत जास्त १०० घेतं. उत्तरातला नेक्स्टमार्कर पुढच्या कॉलला देत लूप फिरवा, आणि मार्कर नसेल किंवा यादी रिकामी आली तर थांबा. दोन्ही अटी ठेवा, नुसत्या मार्करवर विसंबू नका.

चाळणी:
दुसऱ्याबद्दल. लिस्ट_रूल_ग्रुप्स फक्त तुमच्या खात्यात तुम्ही बनवलेले ग्रुप दाखवतं. कॉमन रूल सेट हा मॅनेज्ड (एडब्ल्यूएसने तयार ठेवलेला) ग्रुप, तो तुमच्या मालकीचा नाहीच. उपलब्ध ग्रुप बघायला लिस्ट_अव्हेलेबल_मॅनेज्ड_रूल_ग्रुप्स, आणि एखाद्याचा तपशील हवा तर डिस्क्राइब_मॅनेज्ड_रूल_ग्रुप. त्याला व्हेंडरचं नाव, ग्रुपचं नाव आणि स्कोप लागतो.

पण अपेक्षा बेताची ठेवा. तिथे नियमाचं नाव आणि ॲक्शन कळते, शिवाय कपॅसिटी (नियमांना लागणारी क्षमता; कॉमन रूल सेटची ७००) आणि लेबलं. नियम नेमकं काय तपासतो ते मिळत नाही. आपण कुठला नियम 'काउंट' (न अडवता फक्त मोजणं) वर टाकलाय हे तर इथे दिसणारच नाही, कारण ते ओव्हरराइड वेब एसीएलमध्ये असतात. गेट_वेब_एसीएल काढा. फायरवॉल मॅनेजरने (अनेक खात्यांना एका जागेहून नियम लावणाऱ्या सेवेने) घुसवलेले ग्रुपही तिथेच, पण नेहमीच्या रूल्समध्ये नाही. प्री-प्रोसेस आणि पोस्ट-प्रोसेस अशा दोन वेगळ्या फील्डांत.

कोरीपाटी:
दोन क्लायंट केले, पहिलं सुटलं. बाइट्सला डीफॉल्ट म्हणून स्ट्र (मजकुरात बदलणारं पायथनचं फंक्शन) लावलं, फाइल तयार झाली. एवढं पुरे ना?

उलटतपासणी:
नाही, स्ट्र लावू नका. फायलीत `b'/admin'` असं अवतरणचिन्हांसकट, पुढच्या 'बी' सकट छापलं जातं, आणि ते परत चढवलं की नियम तीच अक्षरं शोधत बसतो. हे बाइट्स येतात बाइटमॅचच्या (ठरावीक मजकूर शोधणाऱ्या अटीच्या) सर्चस्ट्रिंगमधून. म्हणून बाइटमॅच नसलेले ग्रुप सुरळीत उतरले. लिहिताना बेस६४ (बाइट्स साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) करा आणि परत चढवण्याआधी उलगडून बाइट्स करा. न उलगडता बेस६४ दिलं तर लायब्ररी त्यावर आणखी एकदा बेस६४ चढवते. एरर येत नाही, नियम दिसायला ठीक असतो, फक्त कशालाच जुळत नाही. हे सापडायला फार वेळ जातो.

दुसरं, आयपी सेटचे पत्ते रूल ग्रुपमध्ये नसतात, नुसता एआरएन असतो. गेट_आयपी_सेट एआरएन घेत नाही, त्याला नाव, स्कोप, आयडी हवं. एआरएन तिरप्या रेघेवर तोडा, शेवटचे दोन तुकडे म्हणजे नाव आणि आयडी. रेगेक्स पॅटर्न सेटचंही तेच. हे संदर्भ अँड, ऑर, नॉट आणि रेट-बेस्डच्या (विनंत्यांचा वेग मोजणाऱ्या नियमाच्या) स्कोप-डाउनच्या (व्याप्ती कमी करणाऱ्या अटीच्या) आतही दडलेले असतात, तेव्हा शोध रिकर्सिव्ह (आतल्या प्रत्येक थरात जाणारा) ठेवा.

पहारेकरी:
परत चढवायचा विषय निघालाच आहे तर: अपडेट_रूल_ग्रुप नियमांची अख्खी यादी बदलतं, भर घालत नाही. एकच नियम पाठवलात तर बाकीचे गेले. फायलीतलं जुनं लॉक टोकन वापरू नका. मध्ये कुणी बदल केला असेल तर ऑप्टिमिस्टिक लॉकची एरर येईल. अपडेटच्या ऐन आधी गेट करून ताजं टोकन घ्या. कपॅसिटी ग्रुप बनवतानाच ठरते, नंतर वाढवता येत नाही; नियम त्यात मावत नसतील तर नवा ग्रुप बनवावा लागतो.